रेव्हिटवर केलेलं पहिलं हॉस्पिटल : एका आरसीसी कन्सल्टंटचा अनुभव

मी सांगलीत आरसीसी कन्सल्टंट आहे, म्हणजे इमारतींच्या बीम-कॉलम-स्लॅबचं डिझाईन करतो, सोळा वर्षं झाली, ऑफिसात आम्ही पाच जण. ईटॅब्स सॉफ्टवेअरमधे अ‍ॅनालिसिस, ऑटोकॅडमधे ड्रॉइंग, मग पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर साईटला, इतकी वर्षं असंच चालत आलं. पण एक गोष्ट कायम सलत होती. एका नर्सिंग होमच्या साईटवर स्लॅब भरून झाल्यावर ड्रेनेजच्या पाईपसाठी बीमला कोअर कटिंग केलं गेलं, तेही कॉलमला लागून, जिथं शिअर, म्हणजे बीमला कापू पाहणारं बल, सगळ्यात जास्त. मी पोचलो तेव्हा भोकात दोन रिंगा (सळयांभोवतीच्या कड्या) कापलेल्या दिसत होत्या. जॅकेटिंग करून, म्हणजे भोवती नवा थर चढवून, बीम सावरला, पण चूक कुणाची ते शेवटपर्यंत ठरलं नाही, कारण माझ्या ड्रॉइंगमधे पाईप नव्हता नि प्लंबिंगच्या ड्रॉइंगमधे बीम नव्हता.

त्यामुळे पुण्याच्या एका आर्किटेक्टकडून तळमजला अधिक चार मजल्यांच्या हॉस्पिटलचं काम आलं नि सोबत अट आली की आरसीसीचं मॉडेल रेव्हिट या थ्रीडी सॉफ्टवेअरमधेच पाहिजे, एलओडी 300, तेव्हा मी हो म्हटलं. एलओडी 300 म्हणजे प्रत्येक बीम-कॉलमची साईज, जागा नि लेव्हल मॉडेलमधे नेमकी पाहिजे, अंदाजे दाखवून चालत नाही. (अशा मॉडेलवर काम करण्याच्या पद्धतीला बीआयएम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग म्हणतात. साईटवर बीम म्हणजे बीम, म्हणून आम्ही बीआयएमला बीआयएमच म्हणतो, नाहीतर फोनवर फार गोंधळ होतो.)

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅडमधे बीम म्हणजे दोन समांतर रेघा नि शेजारी साईज लिहिलेली. रेव्हिटमधे तो बीमच असतो, 230 बाय 600 मिमी, एम30 काँक्रीटचा, अमुक लेव्हलला. साईज बदलली की प्लॅन, सेक्शन, शेड्यूल सगळीकडे एकदम बदलते. रिव्हिजनच्या वेळी एका शीटवर बदललं नि दुसऱ्यावर राहिलं, हा आमच्या धंद्यातला रोजचा घोळ, तो तिथंच बराचसा संपतो.

पहिले दोन महिने मात्र फार त्रासाचे गेले. आर्किटेक्टची फाईल लिंक केली तर त्यांची बिल्डिंग एकीकडे नि आमचे कॉलम भलतीकडेच, कारण दोघांचे ओरिजिन (मोजणीचे शून्य बिंदू) वेगळे, शेअर्ड कोऑर्डिनेट्स सुरुवातीलाच ठरवायला हवे होते. मग लेव्हलचा प्रश्न, त्यांच्या लेव्हल फिनिशच्या नि आमच्या स्लॅब टॉपच्या, मधे 75 मिमीचा फरक. आणि एकदा एकाने फाईल रेव्हिटच्या नव्या व्हर्जनमधे सेव्ह केली, ती आमच्या जुन्यात उघडेचना, रेव्हिटमधे मागे जाता येत नाही, दोन दिवस त्यातच गेले. आता मी कामाच्या पहिल्याच मीटिंगला व्हर्जन, ओरिजिन, लेव्हल आणि कोणी काय मॉडेल करायचं हे दोन पानांवर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतो.

खरा फायदा दिसला तो पहिल्या मजल्याच्या कॉरिडॉरमधे. मजल्याची उंची फिनिश ते फिनिश 3600 मिमी. वरचं फिनिश 75 वजा केलं की स्लॅब टॉप 3525, त्यातून 600 चा बीम गेला की तळ 2925 ला. फॉल्स सीलिंग 2700 ला. राहिले 225. आणि एसीचा डक्ट 300 खोल, वर-खाली 25-25 इन्सुलेशन धरून 350. कॅडच्या प्लॅनवर डक्ट बीमवरून अगदी व्यवस्थित गेलेला दिसत होता, चारही कन्सल्टंटनी तो प्लॅन पाहिला होता नि कुणालाच काही वाटलं नव्हतं. नेव्हिसवर्क्स या सॉफ्टवेअरमधे सगळी मॉडेल एकत्र करून क्लॅश, म्हणजे कुठं काय एकमेकांत घुसतंय याची तपासणी, चालवला तर सलग सहा बीम लाल झाले.

मी डिझाईन परत उघडलं तेव्हा लक्षात आलं की कॉरिडॉरचा स्पॅन जेमतेम 2.4 मीटर, तिथं 600 ची गरजच नव्हती, शेजारच्या बीमच्या रेषेत चालू ठेवला होता इतकंच. फ्रेमचं अ‍ॅनालिसिस परत चालवून तिथं 300 बाय 450 केला, एसीवाल्यांनी डक्ट रुंद करून खोली 250 वर आणली, म्हणजे इन्सुलेशनसकट 300, जागा मिळाली 375. एका गुरुवारच्या कॉलमधे सुटलं. हेच साईटवर निघालं असतं तर काय झालं असतं हे मला वेगळं सांगायला नको.

एक सांगून ठेवतो, पहिल्या रिपोर्टात हजाराच्या वर क्लॅश होते, ते पाहून घाबरायचं नाही. बहुतेक फालतू असतात, एकच पाईप वीस ठिकाणी मोजलेला, इन्सुलेशन नुसतं टेकलेलं वगैरे. माणसानं बसून निवडावं लागतं, आणि कुठला क्लॅश महत्त्वाचा हे सॉफ्टवेअरला नाही, अनुभवी माणसालाच कळतं. क्वांटिटीचंही तसंच. आमचं पहिलं काँक्रीट हातानं काढलेल्यापेक्षा बरंच जास्त आलं, कारण बीम नि स्लॅब जॉइन केलेले नव्हते आणि सामाईक भाग दोनदा मोजला जात होता. जॉइन नीट केल्यावर आकडा जुळला. सळईचं डिटेलिंग अजून आम्ही कॅडमधेच करतो, फक्त जड कॉलमच्या जॉइंटला बार मॉडेल करून बघतो, 25 च्या सळया दोन्हीकडून आल्या की व्हायब्रेटरची नीडल जाते का ते तिथंच दिसतं.

ब्रिटनमधे केंद्र सरकारच्या कामांना 2016 पासून बीआयएम सक्तीचं झालं, आपल्याकडे नागपूर मेट्रोनं तर मॉडेलला वेळ नि खर्चसुद्धा जोडून 5डी बीआयएम वापरलं. पण लहान ऑफिसला अडचण फीची आहे. मेहनत सगळी सुरुवातीला होते नि पैसे स्लॅबगणिक मिळतात, वर सबस्क्रिप्शन दरवर्षीचं. म्हणून मी आता मॉडेलचा टप्पा फीमधे वेगळा लिहितो, आणि इतर कन्सल्टंटनीही तो मागावा असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या मजल्याचा स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी मी सेंट्रिंगवर टॅब घेऊन गेलो. फोरमननी मॉडेल बघत एकेक स्लीव्ह (पाईप जाण्यासाठी काँक्रीटच्या आधी बांधून ठेवायचा नळीचा तुकडा) मोजली. 22 पाहिजेत, भरल्या 21. सी ग्रिडवरच्या बीमला, मधल्या भागात, एक राहिली होती, टॉयलेटच्या 110 च्या पाईपची. तो पाईप नऊ मीटर लांबून 1:100 च्या उतारानं येतो, म्हणजे तिथपर्यंत 90 मिमी खाली आलेला, त्यामुळे ती स्लीव्ह बाकीच्यांच्या रेषेत नव्हतीच. फिटर दादांनी रिंगा सरकवल्या, भोकाच्या दोन्ही बाजूंना जादा टाकल्या, पाईपचा तुकडा बांधला. अर्ध्या तासाचं काम. सकाळी आठला आरएमसीची (तयार काँक्रीटची) पहिली गाडी आली.