सभेपुढचा तक्ता आणि एका रुपयाचा फरक

बालेवाडीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेचे खजिनदारपद माझ्याकडे आले, तेव्हा वर्षभराच्या खर्चाचा गोषवारा 30 सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेसाठी एका पानावर मांडण्याचे कामही ओघानेच आले. एक्सेलमधल्या पिव्होट टेबलने, म्हणजे नोंदींची गटवार बेरीज आपोआप मांडणाऱ्या तक्त्याने, बेरजा अचूक दिल्या. पण ते पान सभासदांच्या हाती द्यावे असे नव्हते. मथळा 'सम ऑफ रक्कम', डावीकडे 'रो लेबल्स', आणि टँकरचा खर्च 1,245,600 असा. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या अध्यक्षकाकांनी विचारले, "अहो, हे बारा लाख की सव्वा कोटी?"

विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये अंकांचे गट भारतीय पद्धतीने केल्यावर 12,45,600 दिसू लागले. खरी अडचण पुढेच होती. लेखापरीक्षकांच्या सूचनेवरून एक नवे खाते वाढवून तक्ता रिफ्रेश केला, तर त्या खात्याच्या ओळीत स्वल्पविरामच नव्हते, आणि मी मोजूनमापून ठेवलेली स्तंभांची रुंदीही बदलली होती. दोन संध्याकाळी मी प्रत्येक वेळी नव्याने सजावट करत बसलो. आकड्यावर राइट क्लिक केल्यावर 'फॉरमॅट सेल्स' आणि 'नंबर फॉरमॅट' असे दोन पर्याय दिसतात. पहिला निवडलेल्या चौकटींपुरता असतो, तर दुसरा त्या संपूर्ण फील्डला, म्हणजे त्या सदरातल्या सगळ्या आकड्यांना, लागू होतो, हे मला उशिराच उमगले. पिव्होट टेबलच्या ऑप्शन्समधील रुंदी आपोआप बदलण्याच्या पर्यायापुढची खूण काढून टाकल्यावर स्तंभही जागेवर राहिले.

मथळ्याला नुसते 'रक्कम' म्हणू पाहिले, तर त्या नावाचे फील्ड आधीच आहे म्हणून एक्सेलने नकार दिला. मग 'खर्च, रुपये' असे लिहिले, जे अधिक स्पष्टही झाले. प्रत्येक सदर वेगळ्या स्तंभात दाखवणारी टॅब्युलर मांडणी घेतली, रिकाम्या चौकटींत आडवी रेघ दाखवली. गडद निळ्या मथळ्याचा मोह मात्र झेरॉक्सने उतरवला, कारण प्रतींवर तो काळा डागच उमटला.

रुपयांपुढचे पैसे दिसू नयेत म्हणून दशांश स्थळे शून्य केली होती. अध्यक्षकाकांनी कॅल्क्युलेटरवर सगळ्या ओळी पडताळल्या आणि एकूण बेरजेत एका रुपयाचा फरक काढला, कारण एक्सेल बेरीज पैशांसह करत होते. मी तळाशी तशी टीप टाकली, आणि तिच्याखाली त्यांनी सही केली.