फाळक्यावरची ओळ

ट्रक रंगवायला आला की फाळक्याचं काम सगळ्यात शेवटी. आधी गंज खरवडायचा, लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. केबिनच्या कपाळावर मालकाच्या देवाचं नाव, दारावर परमिट आणि वजनाचे आकडे. ते वाळलं की मी डबे उचलून मागं जातो. ट्रकमागून येणारा माणूस तासभर जे बघत राहतो, तो हा फाळका. त्यामुळं मालक लोक त्याबद्दल फार हळवे असतात.

बेळगावात ट्रक रंगवायला लागून मला ३१ वर्षं झाली. मराठी, कानडी आणि इंग्रजी, तिन्ही अक्षरं हातात बसलेली आहेत. फाळक्यावर मात्र बहुतेक हिंदी चालते, कारण गाडी हुबळीलाही जाते आणि हैदराबादलाही. 'देखो मगर प्यार से', 'हम दो हमारे दो', 'मेरा भारत महान'. आणि सगळ्यात जास्त मागणी 'बुरी नजरवाले तेरा मुँह काला' या ओळीला. हजारभर गाड्यांवर तरी मी ती लिहिली असेल. कोपऱ्यात शिंगं असलेला, जीभ बाहेर काढलेला काळा मुखवटा. खाली लिंबू-मिरची आणि जुनी चप्पल मालक स्वतः बांधतो.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये पासिंगच्या आधी एक सहाचाकी आली. मालक जुनं गिऱ्हाईक. फोनवर म्हणाले, "पेंटर, नेहमीचंच कर. काय विचारू नको." गाडी घेऊन ड्रायव्हर आला. चाळिशीच्या आतबाहेरचा, उंच, आणि सिद्दी. हल्याळकडच्या एका वाडीतला. आमच्याकडं सिद्दी माणूस नवा नाही. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला इथं त्यांची वस्ती आहे, बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यातही आहे. शतकांपूर्वी पोर्तुगीजांनी आणि अरबांनी पूर्व आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं. त्यातली बरीचशी गोव्यातून पळून या जंगलात शिरली. हा ड्रायव्हर घरात कोकणी बोलायचा, माझ्याशी मराठी आणि क्लीनरशी कानडी.

पहिल्याच दिवशी मी त्याच्यावर ओरडलो. अंगणात त्यानं गाडी उलटी घेतली आणि पाठ भिंतीला टेकवून लावली, हातभरही जागा न सोडता. "अरे, मागं काम आहे ना माझं? पुढं घे की." त्यानं काही न बोलता गाडी पुढं घेतली. संध्याकाळी पाण्याचा टँकर यायचा म्हणून मी गाडी जरा हलवायला सांगितली, तर परत पाठ भिंतीला. मला वाटलं, ऐकायची सवय नाही गड्याला.

कामाला मात्र वाघ. रंग वाळेपर्यंत ड्रायव्हर लोक केबिनमध्ये झोपून काढतात. हा माझ्याबरोबर घासकामाला बसला. दुसऱ्या दिवशी जेवताना स्वतःहून बोलायला लागला. आधी दांडेलीहून कागदाचे रीळ भरायचा, आता कोल्हापूर-हुबळी असं काहीही. सांगता सांगता म्हणाला, "आमचा माणूस आमदार झाला, ठाऊक आहे मामा?" शांताराम सिद्दी २०२० मध्ये कर्नाटक विधान परिषदेवर गेले, त्या समाजातले पहिले. ते सांगताना याचा चेहरा असा खुलला की मी जेवण थांबवून ऐकत राहिलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी फाळका घेतला. सुतळीला खडू लावून रेषा मारल्या, अक्षरं खडूनं आखली, मुखवट्याचा गोल काढला. पिवळा रंग भरायला सुरुवात केली. तो डबा धरून बाजूला उभा. 'बुरी नजरवाले' पुरं झालं, 'तेरा'चा काना ओढत होतो, तेवढ्यात तो म्हणाला,

"पेंटरमामा, 'काला' सोडून दुसरं काही बसतं का तिथं?"

मी हसून म्हणालो, "अरे, ते नजर लागू नये म्हणून."

"ते कळतंय मला. आठ वर्षं हीच गाडी चालवतोय मी."

ब्रश हातातच राहिला. तो माझ्याकडं न बघता, डब्यातल्या रंगाकडं बघत बोलत होता. कागलजवळच्या एका ढाब्यावर कॉलेजची पोरं उतरली होती. त्यांनी याला फाळक्याजवळ उभं केलं, ओळीखाली, आणि फोटो काढले. एकजण म्हणाला, "बघ, नजर लावली, झालं तोंड काळं." हा पण हसला. काय करणार, पोरं वाईट नव्हती, त्यांनी चहा पाजला. दुसऱ्या एका ठिकाणी वजनकाट्यावरचा माणूस पावती देताना रोज ती ओळ मोठ्यानं म्हणायचा, अगदी प्रेमानं. कुणी 'सिद्दी जौहर' म्हणून हाक मारायचं, चौथीच्या इतिहासातला पन्हाळ्याचा वेढा आठवून. "त्याचं मला काय नाही वाटत, तो तरी लढणारा माणूस होता," तो म्हणाला. "पण ही ओळ माझ्याच मागं लागलेली असते. गावात गाडी नेली की मी पाठ झाडीकडं करून लावतो. ढाब्यावर भिंतीला."

तेव्हा मला माझं अंगण आठवलं, आणि त्याला मी काय बोललो होतो ते.

मी खाली बसलो. खरं सांगतो, ३१ वर्षांत त्या ओळीत 'काळा' हा रंग आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी रंगारी, काळा रंग लिटरनं विकत आणणारा माणूस. 'तोंड काळं' म्हणजे बेअब्रू, एवढंच मला माहीत. शेजारी रेडियमचं दुकान असलेला माझा मित्र नंतर तेच म्हणाला: "वाक्प्रचार आहे तो. रंगाचा काय संबंध? उद्या 'काळा बाजार' पण म्हणायचं नाही काय?" त्याच्याशी मी बराच वेळ बोललो, आणि बोलता बोलताच मला ते नीट दिसलं. तोंडाला काळं फासून गाढवावरून धिंड काढायचे, त्यातून ही म्हण आली. म्हणजे गोऱ्या-सावळ्या माणसाला शिक्षा काय, तर त्याचं तोंड काळं दिसावं. मग ज्याचं तोंड जन्मापासून तसंच आहे, त्यानं ही ओळ कशी वाचायची? त्याला ती सांगते, की जे आम्हाला शिक्षा म्हणून द्यायचं असतं ते तुला आईच्या पोटातूनच मिळालंय. 'काळा बाजार' वाचताना कुणी वाचणाऱ्याच्या तोंडाकडं बघत नाही. इथं तोंडाचंच नाव घेतलेलं आहे.

लहान बाळाला आपण काजळाचं तीट लावतो, ते रक्षणासाठी. पंढरीचा विठोबा काळा, आणि त्याच्या पायावर डोकं ठेवायला माणसं शेकडो मैल चालत जातात. म्हणजे काळ्या रंगाशी आपलं मुळात वैर नाही. पण माणसाच्या तोंडाची गोष्ट आली की आपण वेगळे वागतो, लग्न जमवताना तर उघडच. मला दोन मुली आहेत, धाकटी सावळी आहे, आणि तिच्या लग्नाच्या वेळी मी काय काय ऐकलंय ते मला ठाऊक आहे. तरीही ओळ लिहिताना जोडता आलं नाही.

घरावरची पाटी शेजारपाजारचे वाचतात, नाही आवडली तर दार वाजवून सांगतात. ट्रकवरची ओळ तीनचार राज्यांतून फिरते, आणि ज्याला लागली तो तोंड उघडेपर्यंत गाडी पुढच्या वळणावर गेलेली असते. मला कोण येऊन सांगणार? एकाच माणसाला तिच्यापासून लांब जाता येत नाही, तो म्हणजे ड्रायव्हर.

मी शेठना फोन लावला. म्हटलं, "ओळ बदलूया काय?" ते चिडले. "काय सांगालास पेंटर? वडिलांच्या पहिल्या गाडीपासून ती ओळ आहे आमच्यात." कारण सांगितल्यावर गप्प झाले, आणि तासाभरात मोटरसायकलवरून आले.

शेठ वाईट माणूस नाही, हे मला इथं स्पष्ट लिहायचं आहे. ड्रायव्हरच्या बायकोच्या ऑपरेशनला त्यांनी पैसे दिले होते, ते परत मागितले नाहीत. त्यामुळंच त्यांना जास्त लागलं. त्याच्याकडं बघून म्हणाले, "आठ वर्षांत एकदा तरी बोलायचं होतंस की रे. मी काय तुला परका धरलाय?"

"काय बोलू शेठ? गाडी तुमची. ओळ थोरल्या मालकांची."

"तुला म्हणून लिहिलीय काय ती?"

"नाही. माझ्यासाठी नाही लिहिली, ते ठाऊक आहे मला. म्हणून तर बोललो नाही."

या उत्तरावर शेठ काही बोलले नाहीत. मीही नाही. लिहिणाऱ्याच्या मनात नसलं की लागलेला माणूस अडकतोच. रागावावं तर म्हणतात, तुला कोण म्हणालं? हसावं तर पुढच्या वेळी परत म्हणतात. माझ्याकडून ऑफिसची पाटी रंगवून घेणारे एक वकील आहेत, त्यांना मी नंतर विचारलं. उत्तर कन्नडमधले सिद्दी २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत, मग हे अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्यात बसतं का? ते म्हणाले, अपमानाच्या त्या कलमात हेतू बघतात, मुद्दाम कमीपणा आणायचा होता का ते. इथं तो नाही. मला त्यांचं म्हणणं पटलं. कोर्टात न्यावं असं यात काही नाही. पण कोर्टात बसत नाही म्हणून फाळक्यावर राहू द्यावं, हे मला पटलं नाही.

२०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली. कारण दिलं होतं की ते वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. तेव्हा आम्ही पेंटर लोक खूप कुरकुरलो होतो, आमच्या गाड्या कागलपलीकडं महाराष्ट्रात रोज जातात म्हणून. तीन शब्द वाचून माणूस हॉर्न वाजवतो हे सरकारला पटलं होतं. मग पाच शब्द वाचून ढाब्यावरची पोरं एका माणसाला फाळक्याखाली उभं करतात, हे मला इतकी वर्षं कसं दिसलं नाही?

शेठची अडचण वेगळी होती आणि मी ती हलकी मानत नाही. गाडीवर कर्ज, घाटातला रस्ता, रात्रीचा प्रवास. नजरेची भीती ज्याची गाडी असते त्यालाच कळते. "नजरेचं काहीतरी पाहिजेच," ते म्हणाले. मी दोनचार ओळी सुचवल्या, त्यांना एकही भिडली नाही. मग ड्रायव्हर म्हणाला, "मागच्याला सांगायचंच तर सांगा की, नजर रस्त्यावर ठेव. गाडीवर कशाला?"

शेठ पहिल्यांदा हसले. "हे बेस्ट आहे."

पिवळी अक्षरं ओली होती. टर्पेंटाइनमध्ये फडका बुडवून मी ती पुसली, आणि तिथंच लिहिलं: 'नजर सडक पर रख, गाडी पर नहीं'. 'नजर'ला तांबडी शेड दिली. मुखवट्याचा हट्ट मात्र शेठनी सोडला नाही. मी तो हिरवा केला, शिंगं तांबडी. तोंड माणसाचं वाटणार नाही असं, रेड्यासारखं लांबट. ते मला पुरतं पटलेलं नाही, पण त्या दिवशी तेवढंच जमलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण आठवायला लागलं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी गावात चायनीजच्या गाड्यांचं पेव फुटलं, तेव्हा तांबड्या गाडीवर चित्र काढायचं काम मीच करायचो. टोकदार टोपी, लोंबत्या मिशा, डोळ्यांच्या जागी दोन तिरप्या रेघा. गिऱ्हाईक खूश व्हायचं. त्यातल्या कित्येक गाड्यांवर कढई हलवणारी पोरं नेपाळची होती, एका गाडीवर मणिपूरचा मुलगा होता. माझ्या त्या चित्राच्या बरोबर मागं तो रोज संध्याकाळी सहा ते बारा उभा राहायचा. चित्र वाळलं का बघायला मी गेलो होतो तेव्हा त्यानं मला प्लेट दिली आणि पैसे घेतले नाहीत. २०२० मध्ये त्याच्यासारख्या चेहऱ्याच्या पोरांना लोक रस्त्यात 'कोरोना' म्हणून हाका मारत होते, तेव्हा मी संतापलो होतो. आता कुणी गाडी घेऊन आलं तर मी वाफाळता वाडगा आणि दोन काड्या काढून देतो. तीन गाडीवाले त्यावरून दुसऱ्या पेंटरकडं गेले. जाऊ देत.

'मुँह काला' मागणाऱ्या ट्रकमालकांना मी आता ही गोष्ट सांगतो, ड्रायव्हरचं नाव न घेता. निम्मे तरी ऐकतात. बाकीच्यांना मी सांगतो, माझ्या हातानं होणार नाही. त्या शेठच्या आणखी चार गाड्या आहेत, त्यातल्या दोनवर अजून जुनीच ओळ आहे. पासिंगला आल्या की बदलू, असं ते म्हणालेत.

दिवाळीच्या आधी तो ड्रायव्हर परत आला, बाजूची एक फळी फुटली होती म्हणून. फाळक्यावरची ओळ धूळ खाऊनही स्वच्छ वाचता येत होती. त्यानं हात केला, गाडी उलटी घेतली, आणि पाठ भिंतीला टेकवून लावली.

मी काही बोललो नाही. तो उतरला, भिंत आणि फाळका यांच्यामधल्या त्या हातभर जागेकडं बघत क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "सवय आहे मामा. पुढं घेऊ?"

"राहू दे," मी म्हटलं. "काम बाजूला आहे."