दुपार संपतच नव्हती!

आज दुपारी बाराला लंडनहून निघालो आणि लॉस एंजेलिसला उतरलो तेव्हा तिथे दुपारचे तीनच वाजले होते. प्रवास मात्र चांगला अकरा तासांचा! दोन्ही शहरांच्या घड्याळांत आठ तासांचा फरक.

अंतर सुमारे ८,७८० किमी. विमान ताशी ९०० च्या आसपास उडतं, म्हणजे दहा तास पुरायला हवेत. पण पश्चिमेकडे जाताना जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावर पूर्वेकडे वाहणारा, जोरदार वारा समोरून येतो. परतीला तोच पाठीशी असतो, त्यामुळे वेळ कमी लागतो.

सगळ्यात भारी वाटलं ते ग्रीनलँड. नकाशावर सरळ रेघ अटलांटिकवरून जाते, पण पृथ्वी गोल असल्याने जवळची वाट उत्तरेकडून वळते. खाली नुसता बर्फ, आणि सूर्य जागचा हलेना! साठ अंश अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्याचा वेग ताशी जेमतेम ८३५ किमी, म्हणजे जवळजवळ विमानाइतकाच, आणि विमान चाललेलं नेमकं उलट दिशेला, पश्चिमेकडे. हे शाळेत शिकलो होतो, पण डोळ्यांनी बघताना अंगावर काटा आला.

कुणी या मार्गाने जाणार असाल तर उजवीकडची खिडकी मागा. ऊन बहुतेक डावीकडे राहतं.