माहीच माती, अन् भाडं बी मीच देऊ?

भंडारा जिल्ह्यातल्या या मामा तलावात काही वर्षांपासून बोटिंग चालतं. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि बहुतेक ठिकाणी नेमानं गाळ काढणंही तिथंच थांबलं. यंदा उन्हाळ्यात धक्क्याजवळ बोटी बुडाला टेकल्या, तेव्हा कुठे फाइल हलली. मागणी एकच: पोकलेन लावा. पोकलेन फोटोत छान दिसतं.

जूनच्या पहिल्या जोरदार पावसात नाल्याच्या तोंडाशी मी बाटली भरून घेतली. संध्याकाळी तळाशी बोटभर जाड माती. एका हेक्टरवरची नुसती एक सेंटीमीटर माती गेली तर १०० घनमीटर होते, म्हणजे जवळपास ३५ ब्रास. काढा मग पोकलेननं दरवर्षी.

पाऊस उघडल्यावर नाल्यानं वर गेलो. आधी कुणीतरी दगडी बांध घातलेले, माथा अगदी सपाट. पाण्यानं दोन्ही बाजूंनी काठ कापून वाट काढलेली, दगड मात्र जागच्या जागी. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, नोंद चोख असणारच! अहो, बांधाचा मधला भाग कडांपेक्षा वीतभर खाली ठेवायचा, टोकं काठात घुसवायची, आणि खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीत ठेवायचा. आमच्याकडे ड्रोन उडवणारे पुष्कळ, नाल्यात उतरणारं कुणी नाही.

वर उताराचं वावर. गेल्या वर्षीच्या तुरीचे खुंट उताराच्याच ओळीत, आणि ओळींमधून बोटं बुडतील एवढ्या घळी.

"काका, पेरणी आडवी करा, नाल्याकडून गवताचा पट्टा सोडा," मी म्हटलं. "खालचा गाळ फुकट न्या. ट्रॅक्टर तेवढा तुमचा."

"पट्ट्यातलं पीक माहं जाईन, अन् बोटीचा पैसा ठेकेदाराले भेटन. गाळ म्हंजे माहीच माती ना, साहेब? मंग तिचं भाडं बी मीच काऊन देऊ?"

मी गाळाच्या योजनेचे नियम सांगत बसलो. ते बांधावरून उठून गेले.

बोटिंगच्या ठेक्यातून वरच्या शेतांचं ट्रॅक्टरभाडं द्यावं, असं टिपण मी टाकलंय. सरपंचबाई तयार आहेत. ठेकेदार म्हणतो, वावराशी माझा काय संबंध? साहेबांचा शेरा आला: तलावाच्या कामात हा खर्च बसत नाही. पेरणी काही टिपणासाठी थांबत नाही. काकांनी ती परवा उरकली, उताराच्याच दिशेनं.