इंजिन बसवायचं कशावर?

आपल्याकडे स्टेशन वॅगन, म्हणजे छप्पर थेट मागच्या टोकापर्यंत नेलेली आणि आसनामागे सामानाला ऐसपैस जागा असलेली मोटार, कधी खपली नाही, आणि त्याचे कारण गाडीत नसून ती दारात उभी राहिल्यावर चार लोक काय म्हणतील या धास्तीत होते, असे माझे जुने मत आहे. ज्याला ऐपत दाखवायची असे त्याला मागे स्वतंत्र डिकी असलेली मोटार हवी असे, आणि ज्याला माणसे व बोचकी वाहायची असत तो सरळ सुमो किंवा पुढे २००० साली आलेली क्वालिस घेऊन मोकळा होई. या दोघांच्या मधली जी जागा होती, तिथे १९९२ साली टाटा एस्टेट ही स्टेशन वॅगन येऊन उभी राहिली. तोंडावळा आदल्या वर्षी आलेल्या सिएराचा, बोनेटखाली १९४८ सीसीचे डिझेल इंजिन, खाली टेल्कोलाइन या पिकअपची दणकट चासी, आणि आत त्या काळी अपूर्वाई वाटावी अशा बटणावर वरखाली होणाऱ्या काचा. आमची १९९५ सालची. पाचपाखाडीतल्या आमच्या जुन्या सोसायटीत ती आली तेव्हा तळमजल्यावरच्या आजोबांनी ‘ही मोटार आहे की शववाहिनी?’ असे सर्वांदेखत विचारले होते. पुढे त्यांचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा इस्पितळातून घरी परतताना त्यांना पाय लांब पसरता आला तो याच गाडीत, मागचे आसन पाडून; त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मागचे आसन पाडणे ही या गाडीची खरी श्रीमंती होती. मे महिन्याच्या अखेरीस राजापूरहून परतताना आसनामागच्या त्या सपाट जागेत आंब्याच्या पेट्या, तांदळाचे पोते, कोकमे, आणि निघता निघता कुणीतरी आग्रहाने दिलेला फणस एवढे सगळे मावत असे. फणस कशेडी घाटात गडगडू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी उशा लावण्याचे काम पत्नी स्वतः करी, मुलांच्या डोक्याखालच्या उशा काढून. पेट्यांमधला पेंढा प्रत्येक वळणावर थोडाथोडा गळत राही, आणि त्या काड्या गणपतीपर्यंत कार्पेटमधून निघत. या गाडीचा वेग कुणी विचारू नये, चढाला ट्रकमागून जाण्यात तिला कमीपणा वाटत नसे. पण पेण आणि वडखळच्या खड्ड्यांत मागच्या स्प्रिंगचे पाटे ज्या शांतपणे एवढे ओझे सोसत, ते पुढे घेतलेल्या एकाही गुळगुळीत गाडीला जमले नाही.

अशी गाडी इंजिनामुळे मरत नाही, ती पाण्यामुळे मरते. ठाण्याला वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शेजारी खाडी आहे, आणि उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या काचेभोवतीचे रबर एकदा कडक झाले की पाणी आपली वाट बरोबर शोधते. ते काचेच्या कडेने आत उतरते, आतल्या अस्तरामागून चाकाच्या कमानीवर येते आणि तिथून कार्पेटखाली जाऊन बसते. वरून काही दिसत नाही. रंग चकचकीत राहतो, फक्त दार उघडल्यावर कुबट वास येतो आणि आपण तो ओल्या छत्र्यांवर ढकलतो. वागळे इस्टेटमधल्या आमच्या मिस्त्रींनी यंदा कार्पेट उचलले आणि पान्याच्या टोकाने पत्र्यावर ठोकत ठोकत ते पुढून मागे गेले. आसनाखाली आवाज टणटणीत येत होता, मागे सरकता सरकता तो बद्द झाला, आणि चाकाच्या कमानीपाशी स्क्रूड्रायव्हर टेकवताच पापडासारखा पत्रा मोडून खालची जमीन दिसली. खाली शिरून पाहिले तर पाट्यांच्या मागच्या हँगरशेजारी चासीचेही पापुद्रे निघत होते. मी सवयीने इंजिनाचे कौतुक सुरू केले, तेव्हा ते हात पुसत म्हणाले, “काका, इंजिन आहे हो अजून दहा वर्षं, पण ते बसवायचं कशावर?”

इंजिनाची चिंता खरोखरच कधी नव्हती. याच जातीचे इंजिन १९९४ साली आलेल्या सुमोत बसले आणि सुमो गावोगाव पोहोचली, त्यामुळे हीटर प्लग, क्लच प्लेट, गॅस्केट, डिझेल पंपाचे सामान ही सगळी मंडळी आजही शोधली तर सापडतात. जे सुमोत नव्हते तेच मिळत नाही. मागची मोठी काच, तिचे रबर, मागचे दिवे, वर उघडणारे ते अवजड दार पेलून धरणारे गॅसचे दांडे यांच्यासाठी कुर्ल्याच्या कापडिया नगरात फिरलो, तेव्हा एका दुकानदाराने माझ्याच गाडीचे दिवे विकायचे आहेत का, असे विचारले. गाडीपेक्षा तिचे अवयव दुर्मीळ झाले आहेत, हे मला तिथे कळले, आणि पुढे जे घडले त्याची सुरुवात एका अर्थाने तिथेच झाली.

पत्रा कापून नवा बसवता येतो, चासीला पट्ट्या मारता येतात, असे जाणकार सांगतात आणि ते खोटे नाही. पण त्या कामाला पैशाच्याही आधी जागा लागते. आसने, कार्पेट, काचा, डिझेलची टाकी हे सगळे उतरवून गाडी काही महिने छपराखाली पडू द्यावी लागते आणि वेल्डिंग करणारा माणूस सवडीने रोज थोडे काम करील, अशी व्यवस्था लागते. आमच्या जुन्या आवारात बदामाच्या झाडाखाली हे कदाचित जमले असते. तिथे इंजिन उतरवलेली स्कूटर महिनोन्‌महिने उभी असे आणि कुणी हूं की चूं करीत नसे. पुनर्विकासानंतर त्या जागी यांत्रिक पार्किंग आले आहे, आणि टपावरच्या कॅरियरसकट आमची गाडी त्या चौकटीत शिरत नाही. गॅरेजवाल्यांचीही तीच अडचण आहे. भाडे देऊन घेतलेल्या गाळ्यात चार महिने न हलणारी गाडी त्यांनी का ठेवून घ्यावी?

‘ठेवा हो, क्लासिक आहे’ असे म्हणणारे मात्र खूप भेटले, आणि त्यांपैकी एकानेही छप्पर देऊ केले नाही. कायद्याच्या लेखी तर ती क्लासिकही नाही आणि व्हिंटेजही नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद व्हायला गाडीला पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे आमच्या गाडीला २०४५ पर्यंत थांबावे लागले असते. तोपर्यंत दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर आणि तपासणी. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी नूतनीकरणाचे शुल्क २०२५ मध्ये दहा हजार रुपये झाले आहे. ते भरलेही असते, पण सडलेल्या चासीची गाडी केवळ आठवणींसाठी रस्त्यावर आणणे हा मागून येणाऱ्या माणसावर अन्याय आहे, आणि न दुरुस्त करता नुसती ताडपत्री घालून ठेवणे हा गाडीवर.

शेवटी ती कोल्हापूरला गेली. तिथल्या उद्यमनगरात फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या एका तरुणाकडे सोलापूर भागातून आणलेली दुसरी एस्टेट होती: कोरड्या हवेत राहिल्याने पत्रा शाबूत, पण मागची काच फुटलेली, दिवे गेलेले, इंजिन जाम होऊन बंद पडलेले. माझ्याकडे जे होते ते त्याच्याकडे नव्हते आणि त्याच्याकडे होते ते माझ्याकडे नव्हते. आपली गाडी दुसऱ्या गाडीसाठी सोलली जाणार, हे ऐकून मुलगी चिडली. मला मात्र दोन सडत्या गाड्यांपेक्षा एक चालती गाडी अधिक पटली. मी एकच अट घातली, की ठाणे आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन आधी गाडी नावावर करून घ्यायची आणि मगच पान्याला हात लावायचा. नोंदणी रद्द करण्याचे सोपस्कार त्याचे त्याने तिथे करायचे. एमएच-०४ ची ती पाटी कुठल्या भलत्याच गाडीवर दिसू नये, एवढाच हेतू. त्याने ते निमूटपणे केले, उलट ‘काका, फॉर्म २९ च्या दोन प्रती लागतात’ हे मला त्यानेच सांगितले.

टपावरचा कॅरियर त्याने नको म्हटले, त्याच्याकडे होता. तो सध्या वागळे इस्टेटमध्ये मिस्त्रींच्या गाळ्याबाहेर आहे. एका केटररच्या मारुती इको व्हॅनवर तो बसवायचा घाट त्यांनी घातला आहे, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंचे क्लॅम्प दोन इंच आत घ्यावे लागतील असे त्यांचे म्हणणे आहे.