लघवी केशरी, तरी बेडका पॉझिटिव्ह

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत प्रेस चालवणारा पेशंट, मूळचा धुळ्याकडचा, राहायला श्रमिकनगरला. दोन महिने टीबीच्या गोळ्या खाऊनही बेडका पॉझिटिव्हच आला आणि आमच्याकडे लगेच सगळ्यांचं एकमत, हा गोळ्या बुडवतोय, नाइट शिफ्टवाला आहे ना. मी एसटीएस, घरोघरी फिरून टीबीचे पेशंट बघायचं काम, त्यामुळे "जाऊन जरा झापा त्याला" ही ड्युटी माझ्याकडे.

गेलो तर गडी आधीच वैतागलेला. "सर, एक गोळी चुकली असंल तर सांगा," म्हणत रिकाम्या स्ट्रिपांची अख्खी कॅरीबॅग समोर उलटी केली. पण गोळ्या गटारात टाकूनही स्ट्रिप रिकामीच होते की. म्हटलं दादा, लघवी दाखवा. वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या, हा बाटलीत घेऊन आला, तर रंग एकदम झेंडूच्या फुलासारखा. टीबीच्या गोळ्यांमधलं रिफाम्पिसिन पोटात गेलं की असा रंग येतो, आणि मी येणार हे त्याला माहीतही नव्हतं. म्हणजे माणूस गोळ्या घेतोय, मग जंतू का मरत नाहीत?

फाइल काढून बसलो. सुरुवातीच्या सीबीनॅटवर 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड', तेवढं वाचून सगळे निवांत. अहो पण ती टेस्ट टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन चालतं का एवढंच सांगते, आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या मुख्य औषधाचं त्यात काही कळत नाही, त्याला एलपीए ही वेगळी टेस्ट लागते. ती पाठवलेली होती, रिपोर्ट 'इनव्हॅलिड', कारण नमुना म्हणजे नुसती थुंकी, आणि परत कुणी पाठवलाच नाही. या गोष्टीचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गच्चीवर उभं केलं, चूळ भरायला लावली, खोल श्वास घ्या, धरा, आता पोटातून खोका. दोनदा फेसच आला. मग एकदाचा पिवळा, घट्ट बेडका. फाल्कन ट्यूब घट्ट बंद केली, आइस पॅक लावून रवाना.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी एलपीएच्या पट्टीचा फोटो दाखवला, रिफाम्पिसिनच्या रेघा जागेवर, पण कॅटजी या जंतूच्या जीनची नॉर्मल रेघ गायब आणि म्युटेशनची, म्हणजे जीन बदलल्याची, रेघ ठळक. म्हणजे आयसोनियाझिड निकामी, डोस वाढवूनही उपयोग नाही. लिवोफ्लॉक्सासिन चालेल का याची पट्टी क्लीन निघाली, ईसीजी झाला, आणि नवीन औषधं ठरली: लिवोफ्लॉक्सासिन, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइड, सहा महिने, पहिल्यापासून.

"म्हणजे मागचे दोन महिने गेले पाण्यात?" तो म्हणाला. काय बोलणार. रात्रपाळीत ॲसिडिटी होते म्हणून तो सारखं गुलाबी औषध प्यायचा, ते लिवोफ्लॉक्सासिनसोबत चालणार नाही, मध्ये काही तासांचं अंतर ठेवा, हे मात्र वहिनींकडून दोनदा वदवून घेतलं.

आणि खरी धडपड पुढेच. त्यांची चार वर्षांची पोरगी, तिला टीबी नाही पण होऊ नये म्हणून जी गोळी चालू होती ती नेमकी आयसोनियाझिडच! बापाचा जंतू ज्याला जुमानत नाही तेच औषध. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन लावला, तिला परत तपासलं, ती गोळी बंद, रिफाम्पिसिन चार महिने. फक्त लहान मुलांचं सुटं रिफाम्पिसिन लगेच हातात मिळत नाही, त्यासाठी स्टोअरवाल्यांच्या मागे लागावं लागलं ते वेगळंच.