वजन वाढलेली पानं

काट्यावर ६.१ ग्रॅम दिसलं आणि मी पिशवीवरचा क्रमांक पुन्हा वाचला. पोळ्यानंतरच्या मारबतीच्या दुसऱ्या दिवशी याच जाळीच्या पिशवीत करंजाची वाळलेली पानं भरली होती, मोजून ५ ग्रॅम. महिनाभर तळ्यात राहिलेली, मग ६० अंशांवर वाळवलेली पानं जड कशी झाली?

तळं नागपूरच्या वेशीवरचं. एकीकडे स्वच्छ, उथळ काठ; दुसरीकडे वस्तीचा नाला येऊन मिळतो. पान कुठे लवकर कुजतं ते बघायला दोन्हीकडे अशा पिशव्या सोडल्या होत्या. पान पाण्यात पडलं की एक-दोन दिवसांत त्यातलं विरघळणारं निघून जातं. मग त्यावर बुरशी चढते, पान मऊ पडतं, आणि मऊ पानावर गोगलगायी नि अळ्या येतात. बुरशीला नायट्रोजन, फॉस्फरस पाण्यातूनही मिळतात. नाल्याच्या तोंडाशी ते भरपूर, म्हणजे पानं तिथे आधी संपणार, असं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं.

पिशव्या काढल्या त्या सकाळी नाल्याकडच्या वर येईनात. दोरी ओढून ओढून हात कापले, तेव्हा कुठे त्या वीतभर गाळाखालून सुटल्या. धुतल्यावर पानं काळीकुट्ट, सडक्या अंड्यासारखा वास. पण अख्खी, देठासकट! स्वच्छ काठावरच्या पिशव्यांत मात्र शिरांची जाळी उरली होती आणि पाचसहा गोगलगायी.

डोंगा धरून उभ्या असलेल्या ढिवर काकांना नवल वाटलं नाही. "चिखलात दबलेलं लाकूड सडते का जी? आमच्या जुन्या डोंग्याचा फळा अजून तसाच निंघते."

पानं वाळल्यावर काट्यापाशी बसले असताना त्यांचं बोलणं पुन्हा आठवलं. वाढलेलं वजन पानाचं नव्हतंच. धुऊनही न गेलेला बारीक गाळ पानाच्या पृष्ठभागात रुतला होता. मग नमुने दळून भट्टीत ५५० अंशांवर चार तास ठेवले. पान जळून जातं, माती राहते. कोऱ्या पानांची राख आधीच मोजलेली होती. हिशेब जमला तेव्हा संध्याकाळ झाली होती. नाल्याकडच्या पानांचा पाव भागही गेला नव्हता, काठावरच्यांचा निम्म्याहून जास्त गेला होता.

खत होतं, श्वास नव्हता. सांडपाणी कुजतानाच पाण्यातला प्राणवायू खर्च होतो, आणि गाळाखाली तर तो पोचतच नाही. बुरशी नि गोगलगायी तिथे टिकत नाहीत; प्राणवायूविना जगणारे जिवाणू उरतात, त्यांचं काम संथ. तो वास त्यांच्याच हायड्रोजन सल्फाइडचा आणि काळा रंग त्यातून झालेल्या लोहाच्या सल्फाइडचा. न कुजलेल्या पानांवर पुढच्या पावसाचा गाळ बसतो, त्यावर पुन्हा पानं, आणि तळं उथळ होत जातं. आपण तळ्यातलं निर्माल्य मन लावून काढतो, ते चांगलंच. पण बांधकामावरची माती नाल्यातून येते, तिच्याकडे कोणी बघत नाही, याचा मला त्या दिवशी फार त्रास झाला.

एक शंका उरली होती: पानं राहिली ती नाल्याच्या पाण्यामुळे की गाळामुळे? दसऱ्यानंतर त्याच जागी बांबू रोवले आणि नव्या पिशव्या गाळापासून हातभर वर टांगल्या. पाणी तेच, पानं करंजाचीच. महिन्याने काका स्वतःच दोरी ओढायला पुढे आले. पिशवी हलकी लागली. आत शिरा होत्या.